जुन्या स्पेक्ट्रमच्या कीबोर्डची दुरुस्ती आणि न बदललेल्या आयसीचे बिल

जुने होम कॉम्प्युटर जपून ठेवणाऱ्यांची संख्या आपल्या जळगाव-धुळे भागात फार नाही. त्यामुळे यंत्र बिघडले की ते कुरियरने दूरच्या दुरुस्तीकाराकडे पाठवण्यावाचून पर्याय उरत नाही, आणि नेमका इथेच काही मंडळींनी हात धुवून घ्यायला सुरुवात केली आहे. स्पेक्ट्रम या जुन्या होम कॉम्प्युटरच्या कीबोर्डची काही बटणे चालेनाशी झाली असतील आणि समोरचा माणूस पाहताक्षणी ‘यूएलए उडाला’ (म्हणजे कीबोर्ड वाचणारी मुख्य आयसी, अर्थात चिप, जळाली) असे सांगत असेल, तर एक पैसाही देण्यापूर्वी पुढील मजकूर वाचावा, ही विनंती.

आमच्या भुसावळच्या घरी वडिलांनी घेतलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस आहे. ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीचा मूळ स्पेक्ट्रम 1982 सालचा आणि कडक प्लास्टिकच्या बटणांचा स्पेक्ट्रम प्लस 1984 सालचा. पुढे पुण्याच्या डेसिबल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन तो डीबी स्पेक्ट्रम या नावाने भारतात आणला. आमच्या यंत्रात एके दिवशी 6, 7, 8, 9 आणि 0 हे आकडे उमटेनासे झाले, आणि त्याबरोबर डिलीट, ग्राफ व बाणांपैकी वर, खाली आणि उजवीकडे नेणारी बटणेही गप्प झाली. एवढी बटणे एकाच वेळी गेल्यावर बिघाड मोठा असावा असे कोणालाही वाटेल. ज्या दुरुस्तीकाराकडे आम्ही यंत्र कुरियरने पाठवले, त्याने याच समजुतीचा फायदा घेतला. यंत्र हाती पडताच त्याने त्याच्या पडद्याचा एक व्हिडिओ पाठवला, यूएलए ही मुख्य आयसी जळाल्याचे कळवले, आयसीचे 7,000 आणि मजुरीचे 1,500 रुपये आगाऊ मागितले, आणि जुनी आयसी ‘भंगारात गेली’ म्हणून परत मिळणार नाही असेही बजावले. वडिलांचा त्या यंत्रावर जीव आहे. आम्ही पैसे भरले. यंत्र परत आले तेव्हा सर्व बटणे चालत होती.

यूएलए जळाल्याचे ते सांगणे असत्य होते हे समजण्यासाठी कीबोर्ड कसा चालतो ते थोडे सविस्तर सांगावे लागेल. स्पेक्ट्रमच्या बटणांखाली मेंब्रेन असते, म्हणजे वाहक शाईच्या रेषा छापलेले प्लास्टिकचे पातळ थर. या मेंब्रेनमधून दोन चपट्या पट्ट्या निघतात व मदरबोर्डावरील दोन सॉकेटमध्ये बसतात: एक पाच रेषांची, दुसरी आठ रेषांची. मूळ चाळीस बटणे पाच-पाचच्या आठ गटांत विभागलेली आहेत. आठ रेषांपैकी प्रत्येक रेषा एका गटाची असून ती प्रोसेसरच्या अॅड्रेस लाइनकडून (संकेत वाहणाऱ्या एका तारेकडून) एका डायोडमार्गे, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या छोट्या भागामार्गे, येते. यूएलएकडे जातात त्या फक्त पाच रेषांच्या पट्टीतील रेषा, आणि त्यातील प्रत्येक रेषा आठही गटांतील एकेका बटणाला सामाईक असते.

याचा अर्थ असा, की यूएलएची कीबोर्डसाठीची एखादी पिन निकामी झाली तर प्रत्येक गटातील एक याप्रमाणे आठ बटणे जातील. 1, क्यू, ए, कॅप्स शिफ्ट, 0, पी, एंटर आणि स्पेस ही अशी एक आठांची माळ आहे. याउलट शेजारशेजारची पाच बटणे गेली, तर दोष मेंब्रेन, त्याची पट्टी, सॉकेट किंवा डायोड यांतच शोधावा लागतो. तिथे यूएलएचा संबंधच येत नाही. आमच्याकडे 6 ते 0 हा एकच गट गेला होता. डिलीट आणि बाण वेगळे दिसतात, परंतु स्पेक्ट्रम प्लसमध्ये ही बटणे आतून कॅप्स शिफ्ट व एखादा आकडा एकत्र दाबण्याचेच काम करतात. डिलीट म्हणजे कॅप्स शिफ्ट आणि 0, ग्राफ म्हणजे 9, आणि ते तीन बाण म्हणजे 6, 7, 8. डावीकडचा बाण 5 वर असल्यामुळे तो चालत राहिला. यंत्राच्या जाणकाराला ही गोष्ट ठाऊक नसणे मला अशक्य वाटते.

पुढे काही आठवड्यांतच एंटर, एल, के, जे, एच हा दुसरा गट बंद पडला. फोन केल्यावर ‘प्रोसेसरही बदलावा लागेल’ असे उत्तर मिळाले, तेव्हा आम्ही यंत्र अमळनेरच्या एका जुन्या रेडिओ-टीव्ही मेकॅनिक काकांकडे नेले. त्यांनी वीज बंद करून झाकण उघडले आणि सर्वप्रथम पट्ट्या पाहिल्या. आठ रेषांच्या पट्टीचे टोक कात्रीने कापलेले होते, तेही तिरके. म्हणजे तडकलेला भाग काढून उरलेली पट्टी पुन्हा सॉकेटमध्ये खोचली होती. जुने मेंब्रेन आतल्या उष्णतेने कडक होते व सॉकेटजवळच्या वळणावर तडकते, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो हे वेगळे सांगायला नको. त्या कापलेल्या टोकाच्या थोडे वर एका रेषेवर केसाएवढी नवी चीर होती.

काकांनी नंतर दोन्ही पट्ट्या काढून यंत्र सुरू केले आणि बारीक वायरच्या तुकड्याने पाचांच्या सॉकेटमधील एक पिन आठांच्या सॉकेटमधील एका पिनेला क्षणभर टेकवली. पडद्यावर लिस्ट हा शब्द उमटला. स्पेक्ट्रमवर सुरुवातीला के दाबले की हा अख्खा शब्द येतो, म्हणजे के हे बटण मदरबोर्डाला पोहोचले. त्याच गटातील पुढच्या पिना टेकवल्यावर जे आणि एच ही अक्षरे आली. ‘भाऊ, आयसीले काहीच व्हयेल नही,’ एवढेच ते म्हणाले. पट्ट्या काढणे-बसवणे मात्र वीज बंद असतानाच करावे, आणि वायर या दोन सॉकेटांबाहेर कुठेही लावू नये.

राहिला प्रश्न ‘नव्या’ यूएलएचा. यंत्र पाठवण्यापूर्वी धूळ काढताना मी आतले फोटो घेतले होते. सॉकेटमधील फेरांटी कंपनीची ती यूएलए आयसी, तिच्यावरील चार आकडी उत्पादन क्रमांक आणि कोपऱ्यावरचा आडवा ओरखडा, सर्व जसेच्या तसे होते. भंगारात गेलेली आयसी आमच्याच यंत्रात बसलेली होती. हे फोटो पाठवल्यावर ‘एकाच लॉटचा माल आहे’ असे उत्तर आले, आणि ओरखड्याबद्दल विचारताच आमचा नंबर ब्लॉक झाला.

यंत्र पाठवायचेच असेल तर आधी आयसींवरील क्रमांक वाचता येतील असे फोटो घ्यावेत, बंद असलेली बटणे कागदावर लिहून ती एका गटाची आहेत की आठांच्या माळेतील आहेत हे पाहावे, आणि काढलेला प्रत्येक भाग परत मिळेल असे लेखी घ्यावे. पट्टी अगदीच आखूड झाली असेल तर ती पुन्हा कापण्यात अर्थ नसतो, आणि प्लास्टिक वितळत असल्यामुळे सोल्डरिंगही करता येत नाही. नव्याने तयार होणारी मेंब्रेन परदेशातून मागवता येतात, आम्हीही तेच केले.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवून आम्ही जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथेच अर्ज करता येतो, त्यामुळे दुरुस्तीकार कोणत्याही शहरातला असला तरी खेटे घालावे लागत नाहीत. ज्यांना न बदललेल्या आयसीचे पैसे भरावे लागले असतील, त्यांनी बिल, पैसे पाठवल्याची पावती आणि संदेश जपून ठेवावेत; तक्रारीसाठी मुदत दोन वर्षांची आहे.