घरचा मुख्य संगणक म्हणून फक्त टॅबलेट: काही महिन्यांच्या वापरानंतर

वाचन, मेल, व्हिडिओ कॉल, फोटो, बिले भरणे, ऑनलाइन फॉर्म आणि थोडेफार लिखाण. घरच्या संगणकावर रोज बहुतेक एवढेच होते, आणि ११ इंची टॅबलेटवर हे सगळे नुसत्या बोटाने नीट होते. अडते ते एका ॲपमधले काम दुसऱ्या ॲपमध्ये नेताना. टॅबलेट घ्यायचा की नाही, हे आपल्या कामात अशी ने-आण किती आहे त्यावरून ठरवावे.

माउस वापरताना हात टेबलावर हलतो आणि बाण पडद्यावर. एक क्लिक कुठे, दोन कुठे, उजवे बटण कधी, हे सगळे नवशिक्याला शिकावे लागते. बोटाने हवी ती वस्तूच धरता येते. २०१० साली पहिला आयपॅड आला तेव्हा त्यात फाइलींची यादी नव्हती आणि दोन ॲप शेजारी शेजारी उघडता येत नव्हती. त्यावर टीका झाली, पण नवख्या माणसाला तो चटकन जमला याचे मोठे कारण तेच होते. पुढे २०१७ मध्ये फाइल्स ॲप आले, २०२० मध्ये ट्रॅकपॅड चालू लागला, २०२५ मध्ये संगणकासारख्या खिडक्याही (हलवता, लहान-मोठ्या करता येणाऱ्या चौकटी) आल्या. ताकद वाढली आणि सोपेपणा थोडा थोडा खर्ची पडला. तीन बोटे डावीकडे सरकवली की शेवटची कृती रद्द होते, हे पडद्यावर कुठेही लिहिलेले नसते. घरातले सगळे वापरणार असतील तर एकाहून जास्त खिडक्यांची सोय सेटिंग्जमधून बंद ठेवावी आणि होम स्क्रीनचे एकच पान, त्यावर आठ-दहा ॲप, एवढेच ठेवावे.

वयस्कर माणसांची नेहमीची तक्रार असते, "दाबलं तरी उघडत नाही." कारण साधे आहे. हा पडदा दाब मोजत नाही. बोट टेकल्याने विद्युतक्षेत्रात होणारा बदल मोजतो. त्यामुळे नखाने काही होत नाही आणि कोरड्या त्वचेचा स्पर्श कधी कधी लागत नाही. मग माणूस जोर लावतो, बोट जास्त वेळ टेकून राहते, आणि साधारण अर्ध्या सेकंदानंतर टॅबलेट तो 'लाँग प्रेस' समजतो. ॲप उघडण्याऐवजी मेनू येतो किंवा आयकॉन जागचे हलतात. अँड्रॉइडवर सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीमध्ये 'टच अँड होल्ड डिले' वाढवून ठेवावा. हात थरथरत असेल तर आयपॅडवर 'टच अकोमोडेशन्स'मधले 'इग्नोर रिपीट' उपयोगी पडते. आणि बोटाच्या पेराने हलकेच टेकवून लगेच उचलायला शिकवावे. सेटिंगइतकाच फरक त्याने पडतो.

चार्जिंगला लावल्यावर पडद्यावर आपोआप काहीही उघडू लागले तर टॅबलेट बिघडला असे लगेच समजू नये. आधी चार्जर काढून पाहावा. स्वस्त चार्जरमधला विजेचा गोंगाट स्पर्शाच्या मोजणीत मिसळतो, म्हणून असे होते. पाण्याचे थेंब आणि पडद्यावर लावलेली जाड संरक्षक काच हीदेखील नेहमीची कारणे.

आता खरी अडचण. प्रत्येक ॲपची साठवण वेगळी असते. सुरक्षेसाठी हे उत्तमच, कारण एक ॲप दुसऱ्याच्या फाइलींत डोकावू शकत नाही. पण 'शेअर' करून फाइल पाठवली की बहुतेक वेळा तिची प्रत जाते. मेलला जोडून आलेले पत्र दुसऱ्या ॲपमध्ये उघडून दुरुस्त केले तरी मेलमधले मूळ पत्र तसेच राहते, आणि नेमके तेच पुन्हा पाठवले जाते. यावर एक शिस्त पाळावी: फाइल आली की आधी फाइल्समधल्या एकाच ठरलेल्या फोल्डरमध्ये सेव्ह करायची आणि पुढे ती तिथूनच उघडायची. फॉर्मला फोटोऐवजी पीडीएफ लागत असेल तर वेगळे ॲप नको. अँड्रॉइडवर 'प्रिंट'मध्ये जाऊन प्रिंटरच्या जागी 'सेव्ह ॲज पीडीएफ' निवडावे. माउसचा बाण एखाद्या शब्दावर नुसता नेल्यावरच मेनू उघडणारी संकेतस्थळे मात्र अजूनही त्रास देतात. बोट पडद्यावर नुसते तरंगत ठेवता येत नाही.

एक्सेलसारख्या तक्त्यांचे कामही बोटाचे नव्हे. बोटाला साधारण ९ मिमीचे लक्ष्य लागते. १५ पॉइंट उंचीची नेहमीची ओळ म्हणजे जेमतेम ५.३ मिमी. मोठे करून पाहावे तर निम्मा तक्ता पडद्याबाहेर जातो. अशा कामासाठी ब्लूटूथ माउस जोडावा, यात कमीपणा काही नाही.

लिखाणाचे म्हणाल तर चार-सहा ओळींपर्यंत पडद्यावरचा कीबोर्ड पुरतो. देवनागरीत जोडाक्षराच्या मधोमध कर्सर ठेवायची धडपड करू नये, पूर्ण शब्द खोडून पुन्हा टाइप करणे लवकर होते. जीबोर्डमध्ये (गूगलच्या कीबोर्डमध्ये) स्पेसबारवर बोट सरकवले की कर्सर हलतो. तेवढे कळले तरी बरीच चिडचिड वाचते. पानभर लिहायचे असेल तर वेगळा कीबोर्ड हवाच. मात्र तो लावून पडदा उभा केल्यावर सारखा हात उचलून पडद्याला लावू नये, खांदा भरून येतो. उभ्या पडद्यावर ट्रॅकपॅड आणि कीबोर्डचे शॉर्टकट वापरावेत, बोटाची कामे टॅबलेट टेबलावर किंचित उतरता ठेवून करावीत. म्हणून स्टँड घेताना दोन्ही कोन देणाराच घ्यावा; एकाच कोनात अडकलेले कव्हर कितीही पातळ असले तरी घेऊ नये.