नामंजुरीचे कारण विकणारा माणूस

आपला अर्ज नामंजूर झाला एवढेच ज्यांना तोंडी कळते आणि तो का झाला हे लेखी कधीच कळत नाही, अशा माणसांवर सोलापुरात काही जणांचा धंदा चालतो. माझ्या पतींच्या दिव्यांग अनुदानाच्या प्रकरणात अशाच एका मध्यस्थाने आमच्याकडून 12,000 रुपये घेतले आणि वर एक बनावट कार्ड हातात ठेवले. ते आम्ही सरकारी कार्यालयात दिले असते तर गुन्हा आमच्यावरच दाखल होऊ शकला असता. पोलिसांत तक्रार प्रलंबित असल्यामुळे त्याचे नाव मी लिहीत नाही. त्याची रीत मात्र लिहिते, कारण ती त्याच्या एकट्याची नाही.

माझे पती पूर्व भागातील एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल-दुरुस्ती पाहणारे कामगार, होते. पक्षाघातानंतर त्यांचा उजवा हात आणि उजवा पाय निकामी झाला, बोलणेही अस्पष्ट झाले. सरकारी रुग्णालयातील तपासणीनंतर त्यांना 52 टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि पिवळे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र, मिळाले. त्या आधारे मी त्यांच्यासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजनेत अर्ज केला. ही राज्य शासनाची योजना आहे. दिव्यांगांसाठी तिच्या मुख्य अटी अशा की दिव्यांगत्व किमान 40 टक्के असावे, वय 18 ते 65 असावे, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 50,000 रुपयांच्या आत असावे आणि महाराष्ट्रात किमान 15 वर्षांचे वास्तव्य असावे. त्या वेळी अनुदान दरमहा 1,500 रुपये होते. ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ते 2,500 रुपये झाले. माझ्या गणवेशांच्या शिलाईवर चालणाऱ्या घरात एवढ्या पैशांत त्यांच्या औषधांचा बराचसा भाग निघतो.

बऱ्याच काळाने चौकशी केली तेव्हा कार्यालयाच्या खिडकीवरून ‘नामंजूर’ एवढा एकच शब्द ऐकू आला. कारण विचारले तर फाईल वर आहे, असे उत्तर मिळाले. बाहेर अर्ज लिहून देणारे आणि कोर्ट फी स्टॅम्प विकणारे बसतात, त्यांच्यातच उभा असलेला एक मनुष्य माझ्या मागोमाग आला. वय पन्नाशीचे, हातात फायलींची पिशवी आणि बोलणे अत्यंत अदबीचे. “वहिनी, तुमचं प्रकरण मला माहीत आहे. टक्केवारी कमी पडली. ऐंशी लागतात. काळजी करू नका, अपील करू,” असे तो म्हणाला. मी नाव सांगण्यापूर्वी त्याने पतींचे आडनाव उच्चारले, यामुळे तो आतल्या माहितीचा माणूस वाटला. माझ्या हातातल्या पारदर्शक फोल्डरमध्ये अर्जाची प्रत वरच होती, हे त्याचे उत्तर असणार.

ऐंशी टक्क्यांची ही गोष्ट त्याने हवेतून काढलेली नव्हती आणि त्याच्या कसबाचा गाभा मला त्यातच दिसतो. केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तीवेतन योजना आहे, तिच्यासाठी 80 टक्के दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंब ही अट खरोखरच आहे. एका योजनेची अट त्याने दुसऱ्या योजनेच्या नामंजुरीला चिकटवली. कोणाला विचारावे तर, हो, ऐंशी टक्क्यांची अट असते, असेच उत्तर येते, कारण दोन्ही योजनांचे अर्ज एकाच कार्यालयात जातात आणि लोक सगळ्यांनाच ‘संजय गांधीचे पैसे’ म्हणतात.

अपिलाच्या फीपोटी त्याने आधी 2,000 रुपये घेतले, नंतर ‘डॉक्टरसाहेबांसाठी’ 7,000 आणि शेवटी ‘मंत्रालयातून फाईल हलवण्यासाठी’ 3,000. प्रत्येक वेळी रोखच, पावती कधीच नाही. पहिल्या रकमेनंतर त्याने गोल शिक्का आणि हाताने लिहिलेला आवक क्रमांक असलेला एक कागद दिला व अपील दाखल झाल्याचे सांगितले. पतींना सही करता येत नसल्याने त्यांच्या डाव्या अंगठ्याचे ठसे त्याने काही कोऱ्या कागदांवर घेतले, शिवाय मूळ उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका ‘पडताळणीसाठी’ म्हणून ठेवून घेतली. मूळ कागद त्याच्याकडे असल्यामुळे आम्हाला दुसरीकडे कोठे अर्ज करता येईना आणि त्याच्याशी भांडताही येईना. असे कागद ताब्यात ठेवण्यामागे पडताळणीचा काही संबंध नसतो.

जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा संपल्यानंतर तो घरी आला आणि निळ्या रंगाचे एक कार्ड पुढे ठेवले. त्यावर पतींचे छायाचित्र होते, क्रमांक आमच्या मूळ कार्डाचाच होता, फक्त टक्केवारी 82 झालेली होती. हे जोडून नवा अर्ज करा आणि मंजुरी आली की आणखी 8,000 द्या, असे त्याचे म्हणणे होते. पक्षाघात झालेल्या माणसाला पुन्हा तपासणीसाठी कोणी बोलावले नाही, कोणत्याही डॉक्टरने त्याचा हात उचलून पाहिला नाही, आणि टक्केवारी मात्र तीसने वाढली, हे माझ्या गळी उतरेना. माझी भाची एका सेवा केंद्रात काम करते. तिने या कार्डांच्या नोंदी असलेल्या स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर क्रमांक टाकून पाहिला तेव्हा तेथे 52 टक्केच दिसले. यूडीआयडी कार्डाचा रंग टक्केवारीनुसार ठरतो: 40 च्या खाली पांढरा, 40 पासून 80 च्या आत पिवळा आणि 80 व त्यापुढे निळा. म्हणून त्याने रंग बदलण्याची काळजी घेतली होती. पोर्टलवरील नोंद बदलणे त्याच्या हातात नव्हते. हे कार्ड सरकारकडून विनामूल्य मिळते, हेही भाचीनेच सांगितले.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 91 प्रमाणे दिव्यांगांचा लाभ फसवणुकीने घेणाऱ्याला, किंवा तसा प्रयत्न करणाऱ्यालाही, दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अर्जावर अंगठा माझ्या पतींचा असणार होता, त्या मध्यस्थाचे नाव कोठेही नव्हते.

येथून पुढचे काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांनी केले. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम 12 नुसार स्त्रियांना आणि दिव्यांग व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि 15100 या क्रमांकावर त्याची माहिती मिळते. वकीलबाईंनी प्रथम माहितीच्या अधिकाराखाली दोन प्रश्न विचारायला लावले: अर्ज नामंजूर करण्याचे कारण काय, आणि त्याविरुद्ध अपील दाखल आहे काय. अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तोही लागत नाही, आणि उत्तर 30 दिवसांत देणे बंधनकारक असते. न आल्यास त्याच कार्यालयातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे प्रथम अपील करता येते. आम्हाला ती वेळ आली नाही.

उत्तरात लिहिले होते की उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त असल्याने अर्ज अपात्र ठरला. टक्केवारीचा उल्लेखही नव्हता, आणि अपील तर नोंदवहीत कोठेच नव्हते. मी जोडलेला दाखला तीन वर्षांचा होता आणि त्यांतील दोन वर्षे पती कारखान्यात पगारावर असतानाची होती. आजारपणानंतरचे खरे उत्पन्न त्यात शेवटच्या ओळीत दबून गेले होते. तलाठ्यांच्या चौकशीनंतर चालू परिस्थितीचा एक वर्षाचा दाखला मिळाला आणि त्याच पिवळ्या कार्डावर नवा अर्ज मंजूर झाला. म्हणजे 12,000 रुपये ज्या दोषासाठी दिले तो दोष अर्जात नव्हताच, आणि जो होता तो एका दाखल्याने गेला.

ज्यांची टक्केवारी खरोखरच 40 च्या खाली धरली गेली आहे आणि ते मूल्यमापन चुकीचे वाटते, त्यांच्यासाठी याच 2016 च्या कायद्यात कलम 59 आहे. प्रमाणपत्र देणाऱ्या अधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध राज्य शासनाने नेमलेल्या अपील प्राधिकाऱ्याकडे त्यानुसार दाद मागता येते. तेथे रुग्णाला प्रत्यक्ष हजर राहून तपासून घ्यावे लागते, जुने उपचारांचे कागद दाखवावे लागतात. घरबसल्या टक्केवारी वाढवून आणतो असे म्हणणारा मनुष्य कोणते अपील करणार आहे, हे त्यालाच विचारावे. याखेरीज राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचे कार्यालय पुण्यात आहे, तेथे लेखी तक्रार करता येते. आणि साहेबांना द्यायचे आहेत असे सांगून कोणी पैसे मागितले, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक आहे. तो उच्चारला तरी पुष्कळांचे साहेब नाहीसे होतात.

पोलिसांकडे दिलेल्या तक्रारीत आम्ही भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम 318 चा व बनावट दस्तऐवजाच्या कलम 336 चा उल्लेख केला आहे. निळे कार्ड आणि शिक्क्याचा कागद त्यांच्याकडे जमा आहे. कोऱ्या कागदांवरील अंगठ्यांची बाब वकीलबाईंनी तक्रारीत स्वतंत्र परिच्छेदात लिहून घेतली, म्हणजे उद्या पतींच्या नावाने एखादे संमतिपत्र किंवा कर्जाचा कागद कोठे निघाला तर तारखेसह नोंद असेल. शिधापत्रिकेची दुय्यम प्रत आम्हाला काढावी लागली. अनुदान मंजुरीनंतरच सुरू झाले. त्या माणसाच्या मागे गेलेल्या महिन्यांचे पैसे मिळाले नाहीत आणि 12,000 रुपयांपैकीही अद्याप काही परत आलेले नाही.