देगाचं ‘ॲबसिंथ’ की मोरिझोचा ‘पाळणा’: रसग्रहणाला कोणतं घ्यावं?

इम्प्रेशनिस्टांचं, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समधल्या देगा, मोरिझो वगैरे चित्रकारांच्या गटाचं, एखादं माणसांचं चित्र घेऊन भाव आणि तंत्र यांवर लिहायचं ठरवलं, तेव्हा शेवटी ही दोनच उरली. दोन्ही पॅरिसच्या ओर्से संग्रहालयातली.

रचनेत देगा भारीच. १८७५-७६च्या या चित्रात कॅफेतली बाई नि पुरुष उजवीकडे ढकललेली, पुरुषाचा हात नि पाइप चौकटीनं कापलेला, पुढ्यात टेबलांची नागमोडी वाट. त्या टेबलांना पायच नाहीत! मधल्या फटीवर वर्तमानपत्राचा पूल. खेटून बसलेली माणसं एकमेकांपासून किती लांब आहेत, ते या रिकाम्या जागेतूनच कळतं. कॅफेत सहज टिपल्यासारखं वाटतं, पण रंगवलंय स्टुडिओत, एलेन आंद्रे ही अभिनेत्री आणि देबुतँ हा चित्रकार यांना बसवून.

माझं घोडं अडलं ते बाईपुढच्या ॲबसिंथच्या, म्हणजे एका कडक दारूच्या, पेल्यापाशी. चित्र कुणालाही दाखवा, पेला दिसला की व्यसन, अधोगती सुरू. टेबलांकडे कुणी बघत नाही. १८९३मध्ये लंडनला ते लागलं तेव्हाही वाद नीतीवरच पेटला होता. माझ्या कच्च्या मसुद्यातही दुसऱ्याच परिच्छेदात दारूबंदीचं भाषण डोकावायचं. वैतागलो.

मोरिझोच्या १८७२च्या ‘पाळण्या’त असला आयता भाव नाही. तिची बहीण एडमा, एडमाची झोपलेली तान्ही मुलगी ब्लांश, मधे जाळीचा पडदा. आईचा दुमडलेला डावा हात आणि बाळाचा हात आरशातल्यासारखे जुळतात. नजरही त्याच तिरक्या रेषेनं उतरते. आईचा पोशाख गडद, ठाम. जाळी मात्र भरभर, सैल फटकाऱ्यांची. पांढऱ्यात निळा नि गुलाबी. आणि एडमा ती जाळी ओढून धरते ती नेमकी बघणाऱ्याच्या आणि बाळाच्या मधे! जिव्हाळा दिसतो, पण आपल्याला आत घेत नाही. चेहऱ्यावर माया आहे की थकवा, मला अजून ठरवता येत नाही. दर वेळी परत रंगाकडेच जावं लागतं.

एडमा स्वतःही चित्रं काढायची, लग्नानंतर ते सुटलं. ही माहिती मात्र लेखात उशिरा आणावी, नाहीतर त्या माहितीचाही ॲबसिंथचा पेला होतो.

चौकट आणि रिकामी जागा हाच तुमचा विषय असेल, तर खुशाल देगा घ्या. एरवी मी ‘पाळणा’च सुचवीन. फक्त स्वस्त छापील प्रतीवर विसंबू नका. त्यात जाळीतला निळा पार मरतो.