मेश इंटरकॉम: शेवटच्या गाडीवरून

आमच्या मोटरसायकलींच्या गटात आठ गाड्या, आणि मी सगळ्यांत मागे. स्वीप. कुणी मागे पडलं, कुणाची हवा गेली, कुणाचं वळण चुकलं, तर ते सगळ्यांत आधी मला कळायला हवं. सहा वर्षं मी ही जागा सोडलेली नाही. पहिली तीन वर्षं हाताच्या खुणा आणि डिपर यांच्यावर काढली, एक वर्ष ब्लूटूथ इंटरकॉमवर (हेल्मेटला लावायची, चालत्या गाडीवरून एकमेकांशी बोलायची डबी), आणि गेली दोन मेश इंटरकॉमवर. त्यावर गाणी कशी वाजतात हे इतरांनी भरपूर लिहिलंय. मला सांगायचंय ते वेगळं: या छोट्या डबीमुळे आमच्या गाड्यांमधलं अंतर वाढलं, आणि माझ्या लेखी तिचा सगळ्यांत मोठा गुण हाच.

सरळ, मोकळ्या रस्त्यावर आम्ही स्टॅगर्ड चालतो. लीडर लेनच्या एका बाजूला, दुसरा त्याच्या तिरक्यात मागे, तिसरा परत लीडरच्या रेषेत. तिरक्या गाडीपासून एक सेकंद, आपल्या रेषेतल्या गाडीपासून दोन. पुढच्याने कडेचा खांब ओलांडला की मनात मोजायला लागायचं. ताशी ६० किलोमीटरला दोन सेकंद म्हणजे जवळपास ३३ मीटर, ९० ला ५० मीटर. वळणं लागली, रस्ता अरुंद झाला किंवा खडी दिसली की एकेरी ओळ, आणि मग प्रत्येकामध्ये दोन सेकंद. आठ गाड्या ९० ने एकेरीत चालल्या तर लीडर माझ्यापुढे ३५० मीटर असतो. तेवढ्या लांबून त्याचा वर केलेला हात मला काय दिसणार? खूण पुढच्याने मागच्याला देत देत यायची, आणि मधल्या एकाचं लक्ष नसलं तर तिथेच राहायची. मला पुढे काही कळवायचं असेल तर त्याहून कठीण. डिपर मारायचा, आणि कुणीतरी आरशात बघेल म्हणून वाट बघायची.

ब्लूटूथने हे सुटेल असं वाटलं होतं. पण ती साखळी असते: पहिला दुसऱ्याशी जोडलेला, दुसरा तिसऱ्याशी. आमच्या संचात एका साखळीत चारच जण बसत. मधला एखादा ट्रकमागे अडकला की पुढचे दोन वेगळे, मागचा वेगळा. आणि मागून मला जे दिसायचं त्याची खरी काळजी वाटायची. कानात खरखर सुरू झाली की लोक नकळत गॅस द्यायचे आणि पुढच्या गाडीला जाऊन चिकटायचे. बोलणं नीट ऐकू यावं म्हणून दोन सेकंदांचा एक व्हायचा, एकाचा अर्धा. त्या मोसमात मी लीडरला तीनदा गट थांबवायला लावला तो याच कारणासाठी.

मेशमध्ये प्रत्येक डबी आवाक्यातल्या प्रत्येक डबीशी आपणहून जोडते आणि आलेला आवाज पुढे पोचवते. एक जण बाहेर पडला तर उरलेल्यांचं जाळं आपोआप सांधलं जातं, तो परत आवाक्यात आला की आपोआप आत. खोक्यावर दोन गाड्यांमध्ये दीड-एक किलोमीटरचा पल्ला लिहिलेला असतो. तो मोकळ्या माळावरचा. डोंगर मध्ये आला की काहीशे मीटरही मिळत नाहीत, कारण या रेडिओ लहरी खडकातून पार जात नाहीत. पण नागमोडी चढावर लीडर दोन वळणं पुढे, कड्याच्या पलीकडे असला तरी चौथ्या-पाचव्या गाडीवरून त्याचा आवाज माझ्यापर्यंत येतो. म्हणजे मधल्यांनी आपापले दोन सेकंद राखून चालावं आणि तरीही निरोप पोचावा, हे पहिल्यांदा जमलं. आता आवाजासाठी कुणी पुढे सरकत नाही. मी हे दोन वर्षं मागून रोज मोजत आलेय.

एक प्रसंग सांगते. उताराचा रस्ता, एकेरी ओळ. माझ्या पुढून तिसऱ्या गाडीच्या मागच्या बॅगेचा पट्टा सुटला होता. आधी टोक वाऱ्यावर फडफडत होतं, मग पट्टा घसरून खाली आला आणि चेनच्या बाजूने लोंबायला लागला. मागच्या चाकापासून वीतभर. पट्टा चाकात गेला तर चाक जागीच जाम होतं. पूर्वी मी दोन गाड्या ओव्हरटेक करून त्याच्या शेजारी गेले असते, तेही उतारावर, वळणाच्या तोंडाशी. त्या दिवशी मी बटणसुद्धा दाबलं नाही. ‘पाच नंबर, बॅगेचा पट्टा लोंबतोय. ब्रेक दाबू नकोस. गॅस सोड, इंडिकेटर दे, कडेला घे.’ त्याने तसंच केलं. सहा आणि सात नंबरने तेच ऐकलं होतं, त्यामुळे त्यांनी आधीच वेग कमी केला. गाडी उभी राहिली तेव्हा पट्ट्याचं टोक चेनच्या तेलाने काळं झालेलं होतं.

यंत्र चांगलं आहे म्हणून कसंही वापरलेलं चालतं असं मात्र नाही. पहिल्याच महिन्यात आमच्यातला एक जण रस्त्याकडेची चहाची टपरी बघून जोरात म्हणाला, ‘अरे थांबा थांबा!’ त्याच क्षणी गटात नवी आलेली मुलगी वळणाच्या मध्यावर, गाडी झुकलेली. कानात ‘थांबा’ ऐकून तिने पुढचा ब्रेक दाबला. झुकलेली गाडी ताठ झाली आणि सरळ रस्त्याच्या कडेकडे निघाली. सुदैवाने कडेला रुंद माती होती. ती पडली नाही, पण दहा मिनिटं हेल्मेट न काढता बसून होती. मला अजून ते दृश्य विसरता येत नाही.

तेव्हापासून आमचा नियम असा, की चालत्या गाडीवर फक्त लीडर आणि स्वीप बोलतात. बाकीच्यांनी बोलायचं ते पेट्रोल, गाडीतला बिघाड किंवा तब्येत यांच्यासाठीच. आधी नंबर, मग गोष्ट. ‘थांब’ हा शब्द कुणीही वापरायचा नाही. ‘कडेला घे’ म्हणायचं. वळणावळणाच्या रस्त्यावर अगदी गरजेच्या निरोपाशिवाय पूर्ण शांतता. नवा माणूस लीडरच्या लगेच मागे, म्हणजे वेग त्याच्या जमेल तेवढाच राहतो आणि शेवटच्यांना अंतर भरून काढायला पळावं लागत नाही.

बसवण्याबद्दल थोडं. स्पीकर कानाच्या भोकासमोर नेमका बसला नाही तर आवाज निम्मा होतो, आणि मग माणूस आवाज वाढवत नेतो. हेल्मेट घालून आत कानाला बोट लावा आणि जागा ठरवा. आणि कृपा करून स्पीकर मावावा म्हणून आतला थर्माकोलसारखा थर कापू नका, डोकं वाचवतो तो तोच. बहुतेक हेल्मेटमध्ये आता स्पीकरसाठी खोबणी असते. ईसीई २२.०६ या हेल्मेटच्या युरोपीय मानकात कंपनीने ठरवलेली जोडणीची वस्तू बसवूनही हेल्मेट तपासतात, त्यामुळे आपल्या हेल्मेटला कुठली डबी चालते ते कंपनीच्या माहितीपत्रकात आधी बघा.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. दिवसभर मेश चालू ठेवला तर संध्याकाळी सगळ्या डब्या एकाच वेळी दमत नाहीत. एक तासभर आधी जाते, आणि ती कुणाची हे आधी कळत नाही. म्हणून हाताच्या खुणा आम्ही सोडलेल्या नाहीत. निघण्याआधी एकदा सगळ्यांनी मिळून करून बघतो. एक बोट वर म्हणजे एकेरी, दोन बोटं म्हणजे स्टॅगर्ड, टाकीकडे बोट म्हणजे पेट्रोल. वेग वाढला की ज्याच्या हेल्मेटमध्ये वारा शिरतो त्याचा माइक सगळ्यांच्या कानात घोंघावतो. अशाने आपला माइक बंद ठेवायला शिकलं पाहिजे. आणि खरेदीआधी गटाने एकत्र बसावं. या बाजारात कार्डो आणि सेना ही मोठी नावं, पण एका कंपनीचा मेश दुसऱ्या कंपनीच्या मेशशी सहसा बोलत नाही. ब्लूटूथने जोडता येतो, पण त्या माणसापुरती पुन्हा साखळी आलीच.

सगळ्यांनी एकदम घेणं जमत नसेल तर पहिल्या दोन डब्या लीडरला आणि स्वीपला द्या. डोंगरात मात्र त्या दोघांचं एकमेकांशी बोलणं तुटेल, कारण मध्ये निरोप पुढे नेणारं कुणी नसेल. म्हणून तिसरी डबी मधल्या गाडीला.