कोडच्या कमेंटमधील लिंक टॅग: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या अडत दुकानांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर मी टाइपस्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहितो आणि सांभाळतो. गेले आठ महिने त्यातील कमेंटमध्ये (कोडशेजारी माणसांसाठी लिहिलेल्या टिपेत) संबंधित फंक्शनचा, म्हणजे कोडच्या नाव दिलेल्या तुकड्याचा, दुवा जेएसडॉकच्या ‘लिंक’ टॅगने देत आहे. जेएसडॉक ही अशा टिपा ठरावीक खुणांनी लिहिण्याची पद्धत आहे.

निमित्त एका रुपयाचे झाले. शेतकऱ्याच्या पट्टीतून (विक्रीच्या हिशेबाच्या कागदातून) हमाली आणि तोलाई वजा करताना पैसे राउंड करण्याचे काम खतावणीत एकदा आणि छपाईत एकदा होते. खतावणीच्या फंक्शनवर ‘छपाईच्या फाइलमधील ओळ २१४ पाहा’ अशी कमेंट मीच लिहिली होती. ऐन हंगामात नियम बदलताना त्या ओळीवर गेलो, तर तिथे पोत्यांचे वजन छापणारा कोड होता. पुढे शोधण्याचा मी कंटाळा केला आणि पट्टी व खतावणी यांत रुपयाचा फरक पडू लागला. दुकानाच्या दिवाणजींनी तो पहिल्याच संध्याकाळी पकडला.

आता तिथे ओळीच्या क्रमांकाऐवजी टॅगमध्ये फंक्शनचे नाव आहे. टाइपस्क्रिप्ट ४.३ पासून, म्हणजे २०२१ पासून, एडिटरला हा टॅग कळतो. व्हीएस कोड या एडिटरमध्ये कंट्रोल दाबून नावावर क्लिक केले की मूळ फंक्शन उघडते. त्याहून मोलाची गोष्ट अशी, की एडिटरच्या रीनेम सोयीने नाव बदलले तर कमेंटमधील नावही बदलते. मात्र कमेंट तिरप्या रेघेपुढे दोन तारका देऊन सुरू झालेली हवी. साध्या कमेंटमध्ये टॅग निव्वळ मजकूर राहतो, हे कळण्यात माझी एक दुपार गेली.

तक्रार एकच, पण मोठी आहे. दुसऱ्या फाइलमधील फंक्शनचा दुवा देण्यासाठी ते इंपोर्ट करावे लागते, म्हणजे या फाइलमध्ये आणावे लागते, आणि लिंटर (कोडमधील चुका दाखवणारे साधन) त्याला न वापरलेले ठरवतो. माझ्या सहकाऱ्याने साफसफाईत असे एक इंपोर्ट काढले, दुवा मेला, आणि कंपायलरने चकार शब्द काढला नाही. रस्ट या दुसऱ्या भाषेचे डॉक्युमेंटेशन साधन तुटलेल्या दुव्याची सूचना देते. इथे कंपायलर ती देत नाही.

सुरुवातीला मी दिसेल त्या फंक्शनला दुवे जोडले. आता एक बदलल्यास दुसरे बदलावेच लागते, अशाच जागी देतो, तेही दोन्ही बाजूंनी, आणि शेजारी कारण अर्ध्या ओळीत लिहितो. कारण क्लिक करून पोहोचल्यावर तिथे नेमके काय पाहायचे होते, हे दीड महिन्याने मलाही आठवत नाही.