प्रीमेडसाठी राईस की नॉर्थईस्टर्न? पेशंटजवळ कुठे जायला मिळतं

भाची अमेरिकेतच वाढलीय, तिला डॉक्टर व्हायचंय. तिथे आधी कॉलेजची डिग्री घेत मेडिकलची तयारी करतात, तेच प्रीमेड, आणि मेडिकल स्कूलं पेशंटजवळच्या कामाचा अनुभवही बघतात. म्हणून ही दोन कॉलेजं नीट बघितली, रँकिंग बाजूला ठेवून.

ह्यूस्टनचं राईस म्हणजे रस्ता ओलांडला की टेक्सास मेडिकल सेंटर, जगातलं सगळ्यात मोठं मेडिकल कॉम्प्लेक्स, त्यामुळे लेक्चर सांभाळून आठवड्याला काही तास वॉलंटियरिंग जमतं. शिवाय कॅम्पसवर राईस ईएमएस ही तातडीची वैद्यकीय सेवा आहे, ती विद्यार्थीच चालवतात, ईएमटीचं, म्हणजे प्रथमोपचार करणाऱ्या सेवकाचं, ट्रेनिंग घ्यायचं आणि रात्रीबेरात्री कॉल आला की स्वतः धावायचं. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण शॅडोइंग म्हणजे डॉक्टरच्या मागे उभं राहून बघणं, पण घाबरलेल्या माणसाचं बीपी घेताना त्याला धीर देणं हे बघून येत नाही हो, करावंच लागतं.

बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्नमधे को-ऑप आहे, म्हणजे शिकता शिकता मधेच नोकरी करायची सोय, 1909 पासून. साधारण सहा महिने वर्ग नाहीत, फुल टाइम नोकरी, बऱ्याचदा पगारी, आणि ब्रिगम, बॉस्टन चिल्ड्रन्स वगैरे हॉस्पिटलं जवळच. तास भरपूर होतात. फक्त जागा लॅबमधली आहे की पेशंटजवळची ते आधी विचारा, लॅबचं काम मेडिकल स्कूलं क्लिनिकल, म्हणजे पेशंटजवळचं, धरत नाहीत. आणि मेडिकलला लागणाऱ्या ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स या विषयांचा क्रम को-ऑपमुळे चुकला तर डिग्री पाच वर्षांवर जाऊ शकते.

घरची पैशाची ओढाताण असेल तर मी पगारी को-ऑपकडे झुकेन, पण आमच्या पोरीला चार वर्षं थोडं थोडं करत राहायला आवडेल, तिच्यासाठी राईसच.