७५० वॅटचा एसएमपीएस, नऊ महिने आणि अकोल्याचा एक उन्हाळा

गेल्या ऑक्टोबरमध्ये ओळखीतल्या एकाकडून वापरलेलं आरटीएक्स ३०८० ग्राफिक्स कार्ड मिळालं, १० जीबीवालं. आधीचं जीटीएक्स १६६० सुपर काढलं, हे बसवलं, गेम लावला आणि मेन्यू येतोय न येतोय तोच 'टक्' असा बारीक आवाज होऊन मशीन गपगार. निळा स्क्रीन नाही, रीस्टार्ट नाही, काही नाही. समोरचं बटण दाबलं तरी ढिम्म. मागचा स्विच बंद करून दहा-पंधरा सेकंदांनी पुन्हा लावला की मात्र जणू काही झालंच नव्हतं.

यानंतरचे तीन दिवस मी चुकीच्या माणसाला शिव्या घालत होतो. कार्ड विकणाऱ्याने फसवलं असं गृहीत धरलं. रॅम काढून पुसल्या, विंडोज नव्याने टाकलं. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं आणि वाटलं, सापडला चोर. पण त्या नोंदीचा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद न होता गेलं. ते तर मलाही माहीत होतं!

एसएमपीएसवर, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, संशय का गेला नाही? कारण तो ५५० वॅटचा, बऱ्या कंपनीचा, कार्यक्षमतेच्या ब्रॉन्झ बिल्ल्याचा होता आणि दोन वर्षं एकदाही कुरकुरला नव्हता. त्यात मी हिशेब केला होता. कार्ड ३२० वॅट, प्रोसेसर रायझन ५ ५६०० जास्तीत जास्त ७६ वॅट, बोर्ड-रॅम-एसएसडी-पंखे मिळून चाळीस-पन्नास. झाले साधारण ४४५. वर शंभर शिल्लक. दुकानदारही म्हणाला होता, "साडेपाचशे खूप झालं साहेब." भिंतीच्या प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर मागवला, हजाराच्या आत येतो, तर त्यावरही गेममध्ये आकडा ४६० च्या वर जाईना. आणि हा झाला भिंतीतून ओढलेला आकडा. एसएमपीएस स्वतः जे उष्णतेत घालवतो ते वजा केलं तर आत चारशेच्या आसपासच पोचत होते. मग ५५० वाला मान का टाकत होता?

उत्तर मीटरला दिसत नाही, तिथेच सगळी गोम आहे. मीटर दाखवतो ती सेकंदभराची सरासरी. कार्ड मात्र दर क्षणाला आपली मागणी बदलतं, आणि ३०८० च्या पिढीत या उसळ्या फार मोठ्या आहेत. ३२० वॅटचं कार्ड मिलिसेकंदापुरतं साडेचारशे-पाचशेच्या घरात जातं. बोअरची मोटर सुरू होताना घरातले दिवे क्षणभर मंद होतात ना, तसाच प्रकार समजा. मोटर दीड एचपीची असली तरी सुरू होतानाचा झटका दीड एचपीचा नसतो. एसएमपीएसच्या आत जादा करंटवर नजर ठेवणारं संरक्षण असतं, ते अशी उसळी पाहिली की सगळं बंद करून टाकतं. तो 'टक्' आवाज त्याचाच. म्हणजे माझा जुना डबा बिघडला नव्हता, त्याचं काम चोख करत होता. गेम खेळतानापेक्षा मेन्यूवरच जास्त का व्हायचं, तेही मग कळलं. मेन्यूत फ्रेमवर, म्हणजे पडद्यावर काढायच्या चित्रांवर, लगाम नसतो, कार्ड सेकंदाला शेकडो फ्रेम काढत सुटतं.

खात्री कशी केली ते सांगतो, कारण नवीन काही घेण्याआधी हे फुकटात होतं. आफ्टरबर्नर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणली. मशीन बंद पडणं थांबलं. पंधरा दिवस तसंच चालवलं, आणि खरं सांगतो, तसंच चालवत राहायचा विचारही होता. मग एका रात्री ड्रायव्हर अपडेट झाला, सेटिंग उडालं आणि ऐन रंगात आलेल्या मॅचमध्ये पुन्हा 'टक्'. दुसऱ्या दिवशी मित्राचा ८५० वाला एका रात्रीपुरता आणला. कार्ड पूर्ण मोकळं सोडून चार तास खेळलो, काही झालं नाही.

इथे एक गोष्ट मध्येच. मित्राचा डबा मॉड्युलर होता, म्हणजे केबल सुट्या लावायच्या. माझ्याकडे तशाच दिसणाऱ्या केबल पडल्या होत्या, पण त्याच्या सगळ्या केबल सोबत आणल्या. एसएमपीएसच्या बाजूच्या टोकाला कुठल्या पिनमध्ये कुठला व्होल्ट, याचं काही सामायिक प्रमाण नाही. कंपनी बदलली की पिना बदलतात, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येसुद्धा. टोक बसतं व्यवस्थित आणि हार्ड डिस्कच्या ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जातात. पुढचं सांगायला नको.

तर ७५० घ्यायचं ठरलं. कार्ड बनवणारी एन्व्हिडिया ३०८० साठी ७५० च सांगते, ते मी आधी 'कंपन्या वाढवूनच सांगतात' म्हणून सोडून दिलं होतं. ते थोडं खरंही आहे, कारण कोण कसला स्वस्त डबा आणि किती खादाड प्रोसेसर लावेल हे त्यांना ठाऊक नसतं. पण त्या आकड्यात उसळ्यांची सोय धरलेली असते, ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये ती बहुतेकदा नसते. मला कॅल्क्युलेटरने ५२० च्या आसपास सांगितलं होतं.

घरी मात्र वेगळीच अडचण. खोक्यावरचा आकडा बाबांनी वाचला. "साडेसातशे वॅट? म्हंजे दिवसभर मिक्सरच फिरून रायला म्हना घरात!" आमचा मिक्सर खरंच ७५० वॅटचा आहे, त्यामुळे मला लगेच उत्तर सुचेना. नंतर मीटर लावून दाखवला. नुसतं चालू असताना ७० वॅट, यूट्यूबवर ८५, गेममध्ये ४५०. डब्यावरचा आकडा म्हणजे तो देऊ शकतो तेवढं, ओढतो तेवढं नव्हे. दहा हजार लिटरची टाकी बांधली म्हणून घरात रोज दहा हजार लिटर पाणी लागत नाही. बाबांनी मान डोलावली, पण बिल आल्यावर बघू असं ते डोलावणं होतं.

कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही, नाहीतर सगळी चर्चा नावावरच घसरते. काय पाहून घेतलं तेवढं सांगतो. पहिलं म्हणजे डब्याच्या बाजूचं लेबल. त्यावर १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलंय ते बघायचं, कारण कार्ड आणि प्रोसेसर दोघंही १२ व्होल्टवरच जेवतात. माझ्या नव्यावर ६२.५ अँपिअर आहे, गुणिले १२ म्हणजे पूर्ण ७५०. जुन्या ५५० वर ४२ होते, म्हणजे प्रत्यक्ष कामाचे ५०४. आणि कॅबिनेटसोबत फुकट येणारे जे 'पाचशे वॅट'वाले असतात त्यांचं हे गणित करून बघाच एकदा, करमणूक होईल.

दुसरं, एटीएक्स ३.०. इंटेलने २०२२ मध्ये हे नवं प्रमाण आणलं, त्यात उसळ्यांचा विचार नीट केलेला आहे. एसएमपीएसने आपल्या लिहिलेल्या क्षमतेच्या दुप्पट मागणी १०० मायक्रोसेकंद झेलली पाहिजे, अशी त्यात अट आहे. माझा सगळा त्रास याच प्रकारचा होता, म्हणून इथे तडजोड केली नाही. त्यासोबत ती नवी १६ पिनांची केबलही आली. माझ्या कार्डाला जुने ८ पिनांचे दोन सॉकेट आहेत, त्यामुळे ती पिशवीतच आहे. त्या दोन सॉकेटना दोन वेगळ्या केबल लावल्यात. एकाच केबलला दोन तोंडं असतात तशी लावू नका. एक ८ पिनांचं टोक १५० वॅटसाठी असतं, दोन्ही एकाच तारेवर टाकून तार कशाला तापवायची?

तिसरा गोल्डचा बिल्ला. याबद्दल माझं मत थोडं वाकडं आहे. गोल्ड घेऊन वीज वाचते म्हणतात. आपल्या २३० व्होल्टवर बरा ब्रॉन्झ आणि बरा गोल्ड यांत तीन-चार टक्क्यांचा फरक. माझ्या गेमिंगच्या लोडवर तो होतो वीसेक वॅट. रोज तीन तास खेळलो तर महिन्याला दोन युनिटसुद्धा नाहीत. युनिटला दहा रुपये धरा. वीस रुपयांसाठी कोणी दोन हजार जास्त मोजू नयेत. मी गोल्ड घेतला तो बहुतेक गोल्डवाल्यांचे आतले भाग बरे असतात, पंखा शांत असतो आणि वॉरंटी लांब असते म्हणून. बिल्ला कार्यक्षमतेचा आहे, दर्जाचा नाही, हेही लक्षात असू द्या.

आता खरी परीक्षा. अकोल्याचा मे महिना ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको, बाहेर ४४-४५ अंश. माझ्या खोलीत एसी नाही, कूलर आहे. कूलर चालू असताना खोली ३६-३७ वर, लाइट गेली की चाळिशी पार. एसएमपीएस घेताना ही गोष्ट फार कमी जण बघतात. त्याची पूर्ण क्षमता किती तापमानापर्यंत मोजलीय? काहींची ४० अंशांवर असते, काहींची ५० वर. हिवाळ्यात पुणेकर ४० वाला बिनधास्त वापरेल. आमच्याकडे मे महिन्यात ४० ही खोलीतली हवा असते. मी ५० वाला घेतला आणि त्याचा पश्चात्ताप झाला नाही. डिसेंबर-जानेवारीत पंखा सुरू झालेला मी ऐकलाच नाही, कमी लोडवर तो थांबूनच असतो. एप्रिलपासून गेम लावून दहा-पंधरा मिनिटांत फिरायला लागायचा, तरी कार्डाच्या पंख्यांपुढे त्याचा आवाज काहीच नाही. संपूर्ण उन्हाळ्यात एकदाही बंद पडला नाही.

त्रास झाला तो धुळीचा. डब्याचा पंखा खाली तोंड करून बसवलाय, कॅबिनेटच्या तळाला जाळी आहे. ती दर पंधरा दिवसांनी काढून झटकावी लागते. कूलरचा झोत सरळ कॅबिनेटवर येऊ देऊ नका, बोअरच्या खाऱ्या पाण्याचा पांढरा थर टाकीवर बसतो तो तुम्ही पाहिलाच असेल. धाकट्या चुलतभावाने हौसेने डबा उघडून आतून ब्रशने साफ करूया म्हणून स्क्रूड्रायव्हर आणला होता, त्याला दारातूनच परत पाठवला. आतला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही बराच वेळ तीनशे-चारशे व्होल्ट धरून असू शकतो.

लाइट जाण्याबद्दल. आधी ६०० व्हीएचा यूपीएस होता, तो म्हणजे फक्त ३६० वॅट. गेम चालू असताना लाइट गेली की बीप करून तोही जायचा. आता मशीन घरच्या इन्व्हर्टरवर आहे, साइन वेव्हवाल्या. इन्व्हर्टरच्या मागचा स्विच 'यूपीएस' मोडवर ठेवावा लागतो, नाहीतर बदलायला वेळ लागतो आणि मशीन रीस्टार्ट होतं. चौकोनी वेव्हच्या स्वस्त इन्व्हर्टरवर हल्लीचे पीएफसीवाले (पॉवर फॅक्टर सुधारणारे) एसएमपीएस चालतीलच असं नाही, घेण्याआधी तपासा.

या सगळ्यानंतर मी कार्डाचा व्होल्टेजही कमी केला, ०.८५ व्होल्टवर १८०० मेगाहर्ट्‌झ. तीन-चार फ्रेम गेल्या, भिंतीतला आकडा ४५० वरून ३७० वर आला, खोली जरा कमी तापते. मग प्रश्न येतोच की हे आधीच करून ५५० वर भागलं नसतं का? भागलं असतं, पुढच्या ड्रायव्हर अपडेटपर्यंत. कार्ड पूर्ण मोकळं सोडलं तरी डब्याने झेलायला हवं, बचत आपण वरून करायची.

म्हणून सगळ्यांनी ७५० घ्यावा का? मुळीच नाही. आरटीएक्स ४०६० ११५ वॅटचं आहे, त्याला चांगला ५५० घ्या आणि उरलेल्या पैशांची एसएसडी घ्या. ४०७० किंवा ५०७० ला ६५०. तीनशे वॅटच्या वरची कार्डं असतील तर ७५० पासून बोला. ५०९० वाले ५७५ वॅटचं कार्ड घेतात, त्यांना १००० लागतो, पण त्यांना माझ्या सल्ल्याची गरज नसावी. 'पुढे कामी येईल' म्हणून ४०६० ला हजार वॅटचा डबा घेणारे मात्र मला अजून कळलेले नाहीत.

जुना ५५० फेकला नाही. तो १६६० सुपरसकट त्या स्क्रूड्रायव्हरवाल्या चुलतभावाच्या मशीनमध्ये गेला. सात महिने झाले, एकदाही 'टक्' केलेलं नाही.

आणि बिलाचं म्हणाल तर बाबांनी मे महिन्यात वॅटमीटर कूलरला लावून पाहिला. दिवसाला अडीच युनिटच्या वर. माझं मशीन दीडच्या आत. "तुह्या डब्यापेक्षा कूलरच जास्त खाते लेका," एवढं बोलले आणि मीटर खिशात घालून गेले. सध्या तो शेजारच्या काकूंच्या फ्रीजला लावलेला आहे.